जादा टाका येतो कुठून?

मराठीत घोंगडी विणतात, खाट विणतात, टोपली विणतात आणि स्वेटरही विणतात. क्रियापद एकच, पण कामं अगदी वेगळी. आमच्या कोल्हापूर भागात हा फरक मुद्दाम सांगावा लागतो, कारण इथे माग सगळ्यांनी पाहिलेला असतो. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला, आणि तेव्हापासून या जिल्ह्याच्या कानात धोट्याचा आवाज बसला. मागावर ताण्याचे धागे जितके लावाल तितकीच कापडाची रुंदी. मध्येच ती वाढत नाही. म्हणून सुया हातात घेणाऱ्या नवख्या बाईलाही वाटतं, ‘सुरुवातीला घातले तेवढेच टाके, आता बदल नाही.’ सुयांवर तसं नसतं. कोणत्याही ओळीत, कुठेही टाका वाढवता येतो. मनगटाशी अरुंद असलेली बाही दंडाशी रुंद होते ती याच जोरावर, कात्री न लावता.

मला हे शिवाजी पेठेतल्या घरी आजीने शिकवलं. माझी पहिली पट्टी वीस टाक्यांनी सुरू झाली आणि वीतभर विणेपर्यंत सत्तावीस टाक्यांची झाली. आजीने पट्टी उसवली नाही. सुई उजेडाकडे धरली आणि म्हणाली, “ह्यो जादाचा टाका कुठनं आला, ते बोटानं दाव.” विणकामातलं अर्धं शहाणपण मला त्या प्रश्नात सापडलं. नवा टाका कुठून ना कुठून जन्म घेतोच. शेजारच्या टाक्यातून, दोन टाक्यांमधल्या आडव्या धाग्यातून, खालच्या ओळीतून, नाहीतर गुंड्याकडून येणाऱ्या मोकळ्या धाग्यातून. तो कुठून आला हे कळलं की भोक का पडलं, गाठीसारखं काय दिसतंय, सगळ्याचा उलगडा होतो.

माझ्या पट्टीतले सात टाके दोन वाटांनी आले होते. ओळ सुरू करताना मी धागा सुईवरून मागे ओढत होते. त्यामुळे कडेचा टाका वर चढून दोन टाक्यांसारखा दिसायचा आणि मी दोन्ही विणायची. दुसरी वाट म्हणजे उलट टाक्यानंतर सुलट घेताना धागा पुढेच राहायचा आणि सुईवर एक फुकटचा वेढा पडायचा. नवशिक्यांचे वाढलेले टाके बहुतेक वेळा या दोनच ठिकाणी सापडतात. ‘हात सैल आहे म्हणून टाके वाढले’ असं म्हणतात ते चूक आहे. सैल हाताने टाका मोठा होतो, संख्या वाढत नाही.

आता मुद्दाम वाढवण्याबद्दल. ‘टाका वाढवला की भोक पडणारच’ हा सगळ्यात पसरलेला समज. भोक पडतं ते सुईवर नुसता वेढा घेतला आणि पुढच्या ओळीत तो नेहमीसारखा विणला तर. तोच वेढा पुढच्या ओळीत मागच्या बाजूने विणला, तर त्याला पीळ पडतो आणि भोक बुजतं. याहून नीटस रीत म्हणजे दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलणं. डाव्या सुईचं टोक त्या धाग्याखालून पुढून मागे घालायचं आणि तो मागच्या बाजूने विणायचा. नवा टाका डावीकडे झुकतो. मागून पुढे उचलून पुढच्या बाजूने विणला तर उजवीकडे झुकतो. बाहीच्या दोन कडांना एकेक वापरला की दोन्ही उतार आरशातल्यासारखे जुळतात.

भोकांबद्दल आणखी एक दिलासा दिला जातो: ‘धुतल्यावर बुजतील.’ इथे आपली भाषा पुन्हा फसवते. दुकानात आपण ‘लोकर’ म्हणून जे गुंडे घेतो, त्यातले पुष्कळसे अ‍ॅक्रिलिकचे असतात. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर उधळतात ती खरी लोकर, मेंढीची. तिच्या तंतूंवर बारीक खवले असतात. पाणी, ऊब आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत गुंततात आणि लहानसहान फटी झाकल्या जातात. अ‍ॅक्रिलिकला खवले नाहीत, त्यामुळे पहिल्या दिवशीचं भोक शेवटपर्यंत तसंच राहतं. दख्खनी मेंढीची लोकर मात्र भरड; घोंगडीला ती उत्तम, बाळाच्या अंगाला टोचेल. म्हणून बाळंतविड्यासाठी मऊ अ‍ॅक्रिलिक घेणं काही चूक नाही. फक्त टाका वाढवतानाच काळजी घ्यायची.

एका टाक्यात आधी पुढून आणि मग मागून विणणं, ही बहुतेकींना येणारी पहिली युक्ती. ‘ती कुठेही चालते’ हे अर्धसत्य. जुन्या टाक्यातून जन्मलेल्या या टाक्याच्या पायाशी एक आडवी गाठ दिसते, उलट टाक्यासारखी. दोन्ही बाजूंनी सुलट विणलेल्या पट्टीत ती लपून जाते. एक ओळ सुलट, एक उलट अशा सपाट विणीत ती डोळ्यात भरते. शिवाय गाठ नेहमी मूळ टाक्याच्या डावीकडे पडते. म्हणून ओळीच्या सुरुवातीला पहिल्या टाक्यात वाढवलं, तर शेवटी अखेरच्या टाक्यात नाही, त्याच्या अलीकडच्या टाक्यात वाढवायचं. तरच दोन्ही कडा सारख्या दिसतात.

सपाट विणीत सर्वात कमी दिसतो तो खालच्या ओळीतून उचललेला टाका: डाव्या सुईवरच्या टाक्याच्या पोटाखालचा टाका सुईवर घेऊन आधी तो विणायचा, मग वरचा. ओळीमागून ओळ असं केलं तर कापड आखडतं, मध्ये साध्या ओळी हव्यातच.

‘बॉर्डर संपली की सगळे टाके कडेला वाढवले तरी चालतं’ हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यापायी कितीतरी चांगले स्वेटर कडेला पंखासारखे फुगले आहेत. समजा, बॉर्डर ७२ टाक्यांची आहे आणि ८० हवेत. आधी ४ टाके विणा, एक वाढवा. मग दर ९ टाक्यांनंतर एकेक वाढवत जा. आठवा वाढवल्यावर ५ टाके उरतील. ही गणती आडवा धागा उचलण्याची आहे. एका टाक्यात दोनदा विणत असाल तर तो टाका त्या नवातच धरायचा, नाहीतर हिशेब चुकतो.

टाके वाढले म्हणजे कापड रुंद झालं असंही नसतं. जाळीच्या विणीत प्रत्येक वेढ्यामागे कुठेतरी दोन टाके एकत्र विणलेले असतात, म्हणून संख्या तीच राहते.

आणि झबल्याला सलग बाह्या काढायच्या तर एकदम पुष्कळ टाके लागतात. अंगठ्यावर फास करून सुईवर चढवणं सोपं, पण कड सैल पडते आणि पुढची ओळ विणताना छळते. त्यापेक्षा ओळीच्या सुरुवातीला पहिल्या टाक्यातून नवा टाका विणून काढा, जुना न सोडता नवाही डाव्या सुईवर चढवा, मग त्या नव्यातून पुढचा. ५० टाक्यांच्या अंगाला असे २४ घाला, ओळ पुरी करा, सुई फिरवा, दुसऱ्या बाजूला आणखी २४. आता थांबून एकदा मोजा. ९८ भरले पाहिजेत.