आजोबांचा छंद, आजीची सुट्टी

रोह्याशेजारच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेल्या माणसाला पहिले काही महिने दिवस खायला उठतो. पेन्शनचा हिशेब नोकरीत असतानाच मांडून झालेला असतो, वेळेचा कोणी मांडत नाही.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी १६ देशांतल्या ६५ वर्षे आणि त्यापुढच्या सुमारे ९३ हजार जणांची माहिती तपासली. २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले: छंद असणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे कमी, समाधान जास्त. आता कोणीही म्हणेल, ज्याचे गुडघे धड तोच छंद करणार! म्हणून संशोधकांनी प्रत्येकाची तुलना त्याच्याच आधीच्या वर्षांशीही केली. छंद लागल्यावर लक्षणे उतरलेली तिथेही दिसली. फरक लहान आहे. छंद म्हणजे गोळी नव्हे.

छंद आहे असे सांगणारे डेन्मार्कमध्ये ९६ टक्के, स्पेनमध्ये ५१, चीनमध्ये जेमतेम ३८. म्हणजे चिनी म्हातारे नुसते बसून असतात का? मुळीच नाही. देशोदेशीच्या प्रश्नावल्या वेगळ्या होत्या, आणि शेतकऱ्याला निवृत्तीची तारीख नसते. आपल्याकडे तेच होईल. तुमचा छंद कोणता, असे विचारले तर ‘कसला छंद?’ म्हणणारे आजोबा संध्याकाळी टाळ घेऊन हरिपाठाला हजर असतात. पेणजवळच्या हमरापूर-जोह्यातल्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखणारा वयस्कर कारागीर कोणत्या रकान्यात बसवायचा? मजुरी मिळते म्हणून ते फक्त काम, असे मला तरी वाटत नाही.

हरिपाठात ठरलेली वेळ आहे, पाठांतर आहे, लयीत घेतलेला श्वास आहे. शिवाय एखाद्या दिवशी गेलो नाही तर घरी चौकशीला येणारी माणसे आहेत. घरात एकट्याने पाहिलेल्या टीव्हीत यातले काहीच नाही.

या १६ देशांत भारत नव्हता. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ‘लासी’ या पाहणीच्या २०१७-१८ पासूनच्या पहिल्या फेरीत पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक भारतीयांची माहिती गोळा केली आहे. आपल्या म्हातारपणाचा अभ्यास तिच्यावरून करता येतो.

पण आजीचे काय? आजोबा निवृत्त झाले तरी तिची चूल चालूच, वर नातवंडे आणि उन्हाळ्यात पापड. तेव्हा निवृत्त झालेल्या वाचकांनो, आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी भाताचा कुकर तुम्ही लावा आणि आजीला भजनाला जाऊ द्या.