शंभर वर्षांच्या सागाचा डोळा

सागाचे बी रोपवाटिकेत फार सतावते. फळाचे कवच टणक, म्हणून ते भिजवायचे, उन्हात वाळवायचे, पुन्हा भिजवायचे. एवढे करूनही कित्येक फळे उगवतच नाहीत; उगवतात तीही आठवडे-आठवडे मागेपुढे. त्यात साग परपरागीभवनाचा. आलापल्लीच्या जंगलातला सरळसोट, निकोप वृक्ष हेरून त्याचे बी आणले, तरी रोपे त्याच्यासारखी निपजतीलच असे नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर वेगळी वाट काढली. गुप्ता, नाडगीर, मस्करेन्हस आणि जगन्नाथन यांचा शोधनिबंध १९८० साली प्रसिद्ध झाला. कोवळ्या रोपांपासूनच नव्हे, तर शंभर वर्षांच्या निवडक सागांच्या डोळ्यांपासूनही बाटलीत, म्हणजे ऊतीसंवर्धनाने, नवी रोपे करता येतात, हे त्यात दाखवले होते.

मोल आहे ते या दुसऱ्या गोष्टीचे. रोप लहान असताना ते पुढे कसले झाड होणार, हे कळत नाही. वृक्षाची पारख व्हायला दशके जातात, आणि पारख होईपर्यंत त्याच्या पेशी फुटवे द्यायला नाखूश झालेल्या असतात. जून झाडाचा डोळा कापला की त्यातून फिनॉलयुक्त द्रव्ये झिरपतात, बाटलीतले आगरचे पोषक माध्यम तपकिरी पडते आणि डोळा मरतो. उघड्या रानातल्या फांदीवर बुरशी-जिवाणू असतात ते वेगळेच. म्हणून आधी काटेकोर निर्जंतुकीकरण, मग पुन्हा पुन्हा ताज्या माध्यमात बदली. डोळा तगला, की सायटोकायनिन या संप्रेरकाच्या जोरावर फुटव्यांचा झुबका येतो. फुटवे सुटे करून वाढवायचे आणि शेवटी ऑक्सिन हे संप्रेरक देऊन मुळे फुटवायची.

बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या रोपाच्या पानांवर मेणाचा थर जेमतेम असतो. ते एकदम उन्हात नेले तर तासाभरात मान टाकते. म्हणून सुरुवातीला झाकून, दमट सावलीत ठेवायचे आणि बाहेरच्या हवेची सवय हळूहळू लावायची. प्रयोगशाळेतल्या कामाइतकीच या टप्प्याची कदर व्हायला हवी.

१९९०च्या दशकात सागाच्या लागवडीतून भरघोस परताव्याची आमिषे दाखवणाऱ्या योजनांचे पेव फुटले आणि अनेकांचे पैसे बुडाले. म्हणून हे लक्षात ठेवावे, की ऊतीसंवर्धनाने सागाचा स्वभाव बदलत नाही. निवडलेल्या झाडाची नक्कल तेवढी मिळते. मातृवृक्ष सामान्य असेल, तर त्याच्या हजारो प्रतीही सामान्यच. शिवाय सगळे रान एकाच झाडाच्या प्रतींचे असले आणि पाने फस्त करणाऱ्या अळीला किंवा एखाद्या रोगाला ते झाड बळी पडणारे निघाले, तर बचावायला वेगळे असे काही उरत नाही. त्यामुळे रोपे घेताना मातृवृक्ष कोणता, तो कुठल्या जंगलातला आणि लागवडीत किती वेगवेगळ्या वृक्षांच्या प्रती मिसळल्या आहेत, हे विचारून घ्यावे.