घरोघरचे वीजघर

वैशाख मध्यावर आला की किनाऱ्यावरील घरांत बेगमीची लगबग सुरू होते. घर शाकारणे, लाकूडफाटा पडवीत रचणे, आमसुले व आंबोशी बरण्यांत भरणे, होड्या भरतीच्या रेषेपलीकडे ओढून झापांखाली झाकणे, ही कामे कोणी कोणास सांगावी लागत नाहीत. मृगाचा पाऊस कोणासाठी थांबत नाही, हे शहाणपण येथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे. या बेगमीत अलीकडे एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती वस्तू म्हणजे घरगुती जनरेटर. परंतु छपराच्या कौलांची आपण जी काळजी वाहतो, तिच्या शतांशानेही या यंत्राची वाहिली जात नाही, असे मोठ्या खेदाने म्हणावे लागते.

ही यंत्रे घरोघर का आली, हे निराळे सांगावयास नको. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा झोपविल्या आणि त्यांच्याबरोबर विजेचे खांबही झोपविले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे दिवा लागला नाही. विहिरी भरलेल्या होत्या, पण पंप फिरत नव्हते. आणि करोनाच्या त्या दिवसांत दूरच्या आप्तांची खुशाली कळविण्यास भ्रमणध्वनीत जीव उरला नव्हता. पुरते एक वर्ष लोटते न लोटते तोच, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ने गोवा व सिंधुदुर्ग यांना झोडपून तोच धडा पुन्हा दिला. अरबी समुद्र तापत आहे आणि त्यातील चक्रीवादळांची संख्या व तीव्रता वाढत आहे, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी नोंदविले आहे. २०१९ या एकाच वर्षी या समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. तेव्हा ज्याला परवडले त्याने जनरेटर घेतला, यात नवल नाही आणि दोषही नाही.

दोष आहे तो पुढे. यंत्र घेतले म्हणजे तजवीज झाली, अशी समजूत करून घेऊन आपण ते गोणपाटाखाली झाकून ठेवतो आणि वादळ दाराशी आले म्हणजे त्याची दोरी ओढू लागतो. दहा वेळा ओढूनही ते हूं की चूं करीत नाही. वस्तुतः ज्याने जनरेटर घेतला तो नुसता वीज वापरणारा राहिला नाही. तो आपल्या अंगणापुरता वीज निर्माण करणारा झाला. एखाद्या वीज कंपनीकडून आपण ज्या कर्तव्यांची अपेक्षा करतो, ती सारी लहान प्रमाणात त्याच्याही शिरावर येतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही कर्तव्ये कोणती, हे पाहण्यासाठी क्षणभर समुद्रापासून दूर, माळव्यात जाऊ. होळकरांच्या इंदुरात पोलोग्राउंड नावाचा भाग आहे. नावावरून घोडे आणि चेंडू डोळ्यांपुढे येतात. पण आज तेथे जुनी औद्योगिक वसाहत आहे आणि मध्य प्रदेशाच्या पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीचे मुख्यालय आहे. माळवा व निमाड या भागांचा वीजपुरवठा येथून सांभाळला जातो. पावसाळा तोंडावर आला की ही कंपनी, आपल्या महावितरणप्रमाणेच, ठरल्या वेळी काही तास वाहिन्या बंद ठेवून फांद्या छाटते, सैल जोड आवळते, रोहित्रे तपासते. ऐन उन्हाळ्यात पंखा बंद पडला म्हणून लोक कुरकुरतात. पण पुढचा मोठा अंधार टळतो तो या थोड्या अंधारामुळेच.

इंदूरच्या मराठी मंडळींस आणखी एक गोष्ट आठवत असेल. २००० साली छत्तीसगड वेगळे झाल्यावर मध्य प्रदेशात विजेची मोठी टंचाई झाली, आणि २००३ ची विधानसभा निवडणूक ‘बिजली, सडक, पानी’ या तीन शब्दांवर लढली गेली. अशा काळात कारखान्यांना आणि दुकानांना जनरेटर हा रोजचा सोबती असतो; आणि रोज लागणारे यंत्र आपली निगा मालकाकडून स्वतःच मागून घेते. तेल कमी झाले तर ते कुरकुरते, गाळणी तुंबली तर धूर ओकते, आणि मालक धावतो. आपल्या किनाऱ्यावरील यंत्राची गत उलटी आहे. ते वर्षातून चार-सहा दिवस लागते आणि बाकीचे दिवस खाऱ्या हवेत मुकाट्याने सडते. न चालणारे यंत्र चालणाऱ्या यंत्राहून अधिक झिजते, ही गोष्ट आपण ध्यानात घेतलेली नाही.

ते कसे सडते तेही पाहावे. टाकीत महिनोन्‌महिने राहिलेले पेट्रोल शिळे होते. त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो आणि यंत्र सुरू होत नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते आणि किनाऱ्यावर ओलीला तोटा नाही. म्हणून काम संपताच टाकी व कार्ब्युरेटर दोन्ही रिकामी करावीत. नव्या यंत्राचे इंजिन-तेल पहिल्या वीसेक तासांनंतर, आणि पुढे साधारणतः शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, बदलावे. हवेची गाळणी साफ करावी, ठिणगीचा प्लग काढून पाहावा. बटन दाबून सुरू होणारे यंत्र असेल तर बॅटरीच्या टोकांवर जमणारी हिरवी-पांढरी बुरशी पुसून त्यांस पेट्रोलियम जेली लावावी. उंदराने वायर कुरतडली आहे काय आणि धुराच्या नळीत कुंभारमाशीने मातीचे घर केले आहे काय, हेही पाहावे. मग महिन्यातून एकदा, दोन-चार दिवे व पंखे जोडून, अर्धा तास यंत्र चालवावे. याला फार पैसा लागत नाही. लागते ती सवय.

त्याचबरोबर यंत्राच्या ताकदीचाही हिशेब हवा. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप चालताना जेवढी वीज घेतो, त्याच्या कितीतरी पट झटका तो सुरू होताना देतो. एक किलोवॅटच्या यंत्राला पंप, शीतकपाट आणि इस्त्री एकदम जोडणारा मनुष्य एका बैलाला तीन गाडे जुंपीत असतो.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ‘हरिकेन’ म्हणतात त्या वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा सलग मानला जातो. आपल्या अरबी समुद्रात मात्र वादळे वर्षातून दोनदा दारी येतात: एकदा मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. ‘फयान’ आले ते नोव्हेंबर २००९ मध्ये, पावसाळा संपला म्हणून सारे निश्चिंत असताना. तेव्हा देखभालही दोनदा हवी, आणि तिचे मुहूर्त आपल्या पंचांगात आयतेच आहेत. पहिला अक्षय्य तृतीयेचा, दुसरा खंडेनवमीचा. खंडेनवमीला आपण यंत्रांना झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू लावतो. ती श्रद्धा आम्हांस प्रिय आहे. परंतु माळ घालण्यापूर्वी जुने तेल काढून नवे घातले तर ती पूजा अधिक खरी होईल. ज्या देवाची मूर्ती आपण धुतपुसत नाही, त्याच्यापुढे नुसता नारळ फोडून कोणते पुण्य लागणार?

येथपर्यंत बंद पडणाऱ्या यंत्राविषयी लिहिले. चालू झालेले यंत्र त्याहून घातक ठरू शकते. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो; त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, भोवळ येते, आणि झोपलेला मनुष्य तर जागाच होत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या लुईझियाना राज्यावर ‘लॉरा’ हे भीषण वादळ आले. त्यात प्रत्यक्ष वाऱ्यापाण्याने जितकी माणसे दगावली, त्यांहून अधिक माणसे वादळानंतर जनरेटरच्या विषारी वायूने दगावली. आपल्याकडे धोका कमी नाही. पावसात भिजू नये म्हणून यंत्र पडवीत वा जिन्याखाली ठेवावयाचे आणि झडीमुळे दारे-खिडक्या घट्ट लावून घ्यावयाच्या, ही आपली रीत. यंत्र घरापासून निदान वीस फूट दूर, चारी बाजूंनी मोकळ्या छपराखाली, खिडकीकडे पाठ करूनच ठेवले पाहिजे. तापलेल्या यंत्रात पेट्रोल ओतू नये. घरगुती वापरासाठी परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच पेट्रोल बाळगण्याची कायद्याने मुभा आहे. तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात आणि माजघरापासून दूर असावे.

दुसरा धोका आपल्या घराबाहेरच्या माणसाला आहे आणि तो आम्हांस अधिक अस्वस्थ करतो. काही घरांत दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीतील सॉकेटमधून साऱ्या घरात सोडली जाते. मेन स्विच बंद करण्यास कोणी विसरला की ती वीज घराबाहेर पडते, उलट दिशेने रोहित्रात शिरते आणि तेथून अकरा हजार व्होल्ट होऊन वाहिनीत उतरते. त्या वेळी तेथे खांबावर कोण असतो? आपल्याच गावाचा दिवा लावण्यासाठी भर पावसात चढलेला वायरमन. ‘निसर्ग’नंतर राज्याच्या अन्य भागांतून वीज कर्मचाऱ्यांची पथके कोकणात आली आणि त्यांनी चिखल तुडवीत खांब उभे केले. अशा माणसाने वाहिनी बंद आहे या भरवशावर हात घालावा आणि कोणाच्या तरी दिवाणखान्यातील दिव्यापायी त्याचा प्राण जावा, याहून मोठी कृतघ्नता कोणती? यावर उपाय एकच: चेंजओव्हर स्विच. तो जाणत्या वीजतंत्रज्ञाकडून बसवून घ्यावा, आणि यंत्राला नीट आर्थिंग करावे. हा स्विच नसेल तर जनरेटरची वीज घराच्या वायरिंगला जोडण्याचा कोणालाही नैतिक अधिकार नाही.

शासनासही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. घरोघर जनरेटर आले म्हणून महावितरणाची वा गोव्याच्या वीज खात्याची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. किनाऱ्यावरील काही शहरांत वाहिन्या भूमिगत करण्याची कामे हाती घेण्यात आली. ती गावांपर्यंत पोहोचली पाहिजेत. ज्यांना यंत्र परवडत नाही त्यांची संख्या मोठी आहे, आणि अंधार त्यांच्याच घरी सर्वांत जास्त दिवस मुक्कामास असतो. प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीने सार्वजनिक विहिरीच्या पंपासाठी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी चालू स्थितीतील जनरेटर ठेवावा. त्याचे तेल कोण बदलणार, त्या माणसाचे नाव फलकावर लिहावे. वीज खात्यानेही बिलाबरोबर चेंजओव्हर स्विचची सूचना छापून घरोघर पाठवावी.

मे उजाडला की तालुक्याच्या गावी एकही मिस्त्री मोकळा सापडत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांची रांग तेव्हा फार लांब असते. वाचकांनी या रविवारीच गोणपाट दूर करावे, टाकीतील जुने पेट्रोल काढावे, तेलाची पातळी पाहावी आणि दोरी ओढावी. यंत्र बोलले तर उत्तम. न बोलले तर ते कळण्यास आभाळ निवळलेले असतानाची वेळच बरी.