डब्यावरचा लाख आणि हातातला झोत

फराळाचे डबे तळाला लागले की रब्बीच्या पाण्याची घाई सुरू होते. हरभरा, गहू, कांदा, सगळ्यांनाच पाणी हवं असतं आणि कितीतरी गावांत शेतीपंपाची थ्री फेज वीज अजूनही पाळीनं येते. पाळी रात्रीची असली की मध्यरात्री विहिरीपर्यंत जाऊन मोटार चालू करायची आणि पहाटेपर्यंत दारं धरायची. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात बॅटरी. मण्यार रात्रीच फिरते. घोणस आणि फुरसं तर पालापाचोळ्याच्या, मातीच्या रंगात अशी मिसळून जातात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. अशा बांधावर पाचदहा पावलं पुढचं स्वच्छ दिसणं हा जीवनमरणाचा प्रश्न असतो.

रात्री पाणी देणाऱ्या याच शेतकऱ्याला बाजारात सर्वाधिक फसवलं जातं. आठवडी बाजारातल्या पथारीवर किंवा मोबाइलच्या पडद्यावर तीनशे रुपयांची विजेरी दिसते आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं : एक लाख ल्युमेन.

हा आकडा साध्या गुणाकार-भागाकारानं तपासता येतो. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. घरातला जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब सुमारे सातशे-आठशे ल्युमेन द्यायचा. आजची उत्तम एलईडी एका वॅटला फार तर दोनशे ल्युमेन देते असं धरू. लाख ल्युमेनसाठी पाचशे वॅट लागतील. विजेरीतल्या एका चांगल्या लिथियम सेलमध्ये साठवण असते जेमतेम अकरा वॅट-तासांची. म्हणजे पाचशे वॅटनं तो सेल सव्वा मिनिटात रिकामा होईल, आणि तेवढ्या वेळात त्यातून सुमारे एकशे चाळीस अँपिअर प्रवाह वाहावा लागेल. असा प्रवाह त्या बारीक वायरीला आणि बटणाला झेपणंच शक्य नाही. डब्यावर हा आकडा दिसला की डबा खाली ठेवावा.

विजेरीचा जन्म झाला तेव्हा दावा फार नम्र होता. डेव्हिड मिसेल या इंग्रज संशोधकाला अमेरिकेत १० जानेवारी १८९९ रोजी पेटंट मिळालं. कागदी नळीत एकामागे एक ठेवलेले सेल, पुढे बल्ब आणि पितळेचा ओबडधोबड परावर्तक. त्या काळचे सेल इतके दुबळे होते की दिवा सलग जाळणं परवडत नसे, क्षणभर लावून विझवायचा. इंग्रजीतलं ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्या लुकलुकण्यातून आलं.

महाराष्ट्राच्या घराघरांत बॅटरी म्हणजे बराच काळ एव्हरेडीची पितळी ‘जीवनसाथी’. दोन मोठे सेल, पुढचं फिरवायचं तोंड, शेपटीच्या झाकणात स्प्रिंग. तिचा बल्ब पाऊण वॅट वीज खाऊन मोजकेच ल्युमेन द्यायचा. पण ती पडली तर पोचा यायचा, फुटायची नाही. बल्ब उडाला तर किराणा दुकानात दुसरा मिळायचा. सेल संपले की उन्हात ठेवून आणखी दोन रात्री ओढायच्या. ही बॅटरी माणसाला उघडता येत होती. टिकाऊपणाची ती पहिली अट आजही बदललेली नाही.

मग पांढरी एलईडी आली. जपानमधल्या तोकुशिमाच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये तेजस्वी निळी एलईडी साधली आणि तिच्यावर पिवळसर स्फुरदीप्त पदार्थाचा लेप देऊन पांढरा प्रकाश मिळू लागला. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना याच कामासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तेवढ्याच विजेत दहापट प्रकाश मिळू लागला. दुर्दैवानं त्याच सुमारास सहज उघडता न येणाऱ्या प्लास्टिकच्या विजेऱ्यांनीही बाजार भरला.

अशी एक चार्जिंगची विजेरी टेबलावर घेऊन खोलून पाहावी. प्लगमधून काढलेली असतानाच, हे आधी सांगायला हवं. मागचे चार स्क्रू काढले की आत एक काळी, जड, चौकोनी पेटी दिसते. ती चार व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी, स्कूटरच्या बॅटरीची धाकटी बहीण. शेजारी बोटाच्या पेराएवढा कपॅसिटर, चार डायोड, एखादा रोध, बस्स. ट्रान्सफॉर्मर कुठेच नाही. म्हणजे २३० व्होल्टची वीज कपॅसिटरमधून थेट आत येते आणि चार्जिंग चालू असताना आतला प्रत्येक तांब्याचा तुकडा जिवंत असतो. कवच फुटलेली अशी विजेरी चार्जिंगला लावून चालू-बंद करणं म्हणजे उघड्या तारेला हात लावण्यासारखंच आहे. तिचा दुसरा दोष रोजचा आहे. शिसे-आम्लाची बॅटरी रिकामी ठेवली की पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात. पावसाळाभर फडताळात पडून राहिलेली विजेरी दिवाळीत चार्ज होत नाही ती यामुळेच. घरात अशी असेलच, तर वापरो न वापरो, महिन्याकाठी एकदा पूर्ण चार्ज करावी.

आता झोताकडे. दोन विजेऱ्या सारखेच ल्युमेन देत असतील आणि एक शंभर मीटरवरचं झाड दाखवेल, दुसरी अंगणच उजळेल. फरक परावर्तकाचा. झोताच्या मध्यातली तीव्रता कँडेलात मोजतात. २००९ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या एएनएसआय एफएल-१ मानकानुसार झोत जिथे पाव लक्सपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, क्षीण होतो तिथवर त्याचा पल्ला. अडीच हजार कँडेलाचा पल्ला शंभर मीटर, दहा हजारांचा दोनशे मीटर. पल्ला दुप्पट करायला तीव्रता चौपट लागते. मोबाइलमधल्या लक्समीटरनं हे घरीही ढोबळ मोजता येतं : अंधाऱ्या पडवीत पाच मीटरवर फोन ठेवायचा, झोताचा मध्य त्यावर आणायचा आणि आलेल्या आकड्याला पंचविसानं गुणायचं. शंभर लक्स आले तर अडीच हजार कँडेला.

त्याच मानकातली एक गोष्ट गिऱ्हाइकानं पक्की लक्षात ठेवावी. डब्यावरचे ‘इतके तास’ हे प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचे असतात. हजार ल्युमेन आणि चार तास असं लिहिलेलं असेल, तर हजार पहिल्या काही मिनिटांपुरते आणि चौथ्या तासाला जेमतेम शंभर, असंही असू शकतं. दारं धरणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांचा लखलखाट नको असतो, सहा तासांचे शंभर-दीडशे ल्युमेन हवे असतात. राजगडाच्या वाटेवर रात्री चढणाऱ्या ट्रेकरचंही तेच. फार पांढरा-निळसर प्रकाशही टाळावा. चार ते पाच हजार केल्व्हिनच्या किंचित उबदार प्रकाशात माती, गवत आणि फुरसं यांचे रंग वेगळे ओळखता येतात.

विजेरीचा खरा जीव तिच्या सेलमध्ये असतो. आज सर्वत्र मिळणारा लिथियमचा सेल म्हणजे १८६५० : व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५. चांगल्या कंपनीच्या अशा सेलची क्षमता साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास संपते. त्यावर ९९०० छापलेलं असेल तर तो सेल खोटा. त्याला वजनही पकडून देतं. खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीस भरला तर तो परत करावा. विजेरीवर छापलेल्या ‘टी-६’ या अक्षरांचंही तसंच. क्री कंपनीच्या २०१० मधल्या एक्सएम-एल एलईडीची ती एक प्रतवारी होती : ७०० मिलिअँपिअरला किमान २८० ल्युमेन. आता ती अक्षरं कशावरही छापतात.

ज्याच्या हाताला सोल्डरिंगची सवय आहे, त्यानं मात्र जुनी पितळी बॅटरी भंगारात देऊ नये. तिच्या पोटात नवा दिवा सहज बसतो. सामान पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं. तीन वॅटची, चांदणीच्या आकाराच्या ॲल्युमिनियम पट्टीवरची एलईडी घ्यायची. तिच्यासोबत तिचाच परावर्तक किंवा भिंग घ्यायचं, कारण बल्ब चहूकडे प्रकाश फेकतो आणि एलईडी फक्त पुढे, त्यामुळे जुना परावर्तक तिला जुळत नाही. प्रवाह आवरायला एएमसी ७१३५ ही चिप. सेल भरलेला असो की अर्धा उतरलेला, ती एलईडीला ३५० मिलिअँपिअरच देते. २६०० मिलिअँपिअर-तासांच्या १८६५० सेलवर हा हिशेब सात तासांचा होतो आणि प्रकाश शंभर ल्युमेनच्या पुढेमागे बराच वेळ स्थिर राहतो. एलईडीच्या पट्टीखाली उष्णतावाहक पेस्ट लावून ती धातूला घट्ट टेकवायची. चांगल्या एलईडीतही बरीच वीज उष्णता होते आणि ती बाहेर पडायला पितळेइतकं चांगलं अंग प्लास्टिकला नाही.

सेल मोठ्या नळीत खुळखुळू नये म्हणून प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचा मापाचा तुकडा आणायचा. चार्जिंगसाठी टीपी ४०५६ चं कार्ड, पण पाहून घ्यायचं : सेलसाठी दोन आणि दिव्यासाठी वेगळी दोन टोकं असलेलंच. त्यावर संरक्षणाची चिप असते. चार्जिंग ४.२ व्होल्टला थांबतं आणि वापरताना सेल अडीच व्होल्टच्या आसपास उतरला की दिवा तोडला जातो. मोबाइलच्या चार्जरवर हे चालतं, २३० व्होल्ट विजेरीत येतच नाहीत. सगळं सामान पाचशे रुपयांच्या आसपास बसतं आणि त्यातला निम्मा खर्च सेलचा असतो. तो तसाच असावा. जुन्या लॅपटॉपमधले अनोळखी सेल मात्र फुकट मिळाले तरी वापरू नयेत. आतून दुखावलेला लिथियम सेल चार्जिंगमध्ये पेट घेतो.

तयार विजेरीच घ्यायची असेल तर धातूचं अंग, बदलता येणारा १८६५० सेल आणि झाकणाच्या आट्यांवर रबरी कडी पाहावी. पाण्यापासून बचावाची प्रतवारी आयपीएक्स ४ असेल तर पावसाच्या शिंतोड्यांची भीती नाही. आयपीएक्स ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. पाटात पडलेली विजेरी हात घालून काढता येते, म्हणून शेतीला दुसरीच बरी. सुके सेल वापरत असाल तर काम संपल्यावर ते काढून ठेवावेत. गळलेल्या सेलनं स्प्रिंग खाल्लेली विजेरी ऐन वेळी दगा देते.

यंदा पहिल्या पाण्याची पाळी येण्याआधी एक संध्याकाळ काढा. घरातली विजेरी उघडा, स्प्रिंग आणि आटे कोरड्या फडक्यानं पुसा, सेल पूर्ण भरून सलग लावून ठेवा आणि ती खरोखर किती तास जळते ते घड्याळ लावून पाहा. ती रात्रभर पुरत नसेल तर भरलेला दुसरा सेल प्लास्टिकच्या डबीत घालून खिशात ठेवा, पायांत गमबूट घाला, आणि मगच विहिरीकडे निघा.