गळती झाली? आधी एक्झॉस्ट बंद

नोव्हेंबर 2014 मध्ये वालधुनी नदीत रसायनं ओतली गेली आणि उल्हासनगरात शेकडो जणांना श्वास घेणं जड झालं. 3 जून 2021 च्या रात्री बदलापूरच्या एमआयडीसीतल्या वायुगळतीने लोकांचे डोळे चुरचुरले. अशा वेळी घाईघाईने एक्झॉस्ट पंखा लावला जातो. तो आतली हवा बाहेर फेकतो, आणि तिची जागा भरायला दाराखालच्या फटीतून विषारी वायू आत ओढला जातो. पंखा आधी बंद करा, फटींत ओलं फडकं कोंबा. विंडो एसीचा बाहेरची हवा घेणारा झरोकाही मिटा. इस्पितळांत सेंट्रल एसीची ताज्या हवेची झडप एका बटणाने बंद व्हायलाच हवी, आणि ते बटण रात्रपाळीच्या वॉचमनलाही ठाऊक हवं. हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. म्हणून तळघरात आसरा घेऊ नका.