पहिल्या विश्वचषकाचे यजमान शहर : माँटेव्हिडिओ

फुटबॉलच्या पहिल्या विश्वचषकाचे सगळेच्या सगळे सामने एकाच शहरात झाले होते! ते शहर म्हणजे दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या चिमुकल्या देशाची राजधानी, माँटेव्हिडिओ. साल होते १९३०. त्या वेळी देशाची लोकसंख्या वीस लाखही नव्हती. पण १९२४ आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचे सुवर्णपदक याच देशाने पटकावले होते. पाहुण्या संघांचा खर्च आम्ही करू, असे सांगून उरुग्वेने यजमानपद मिळवले. तरीही बोटीच्या लांबलचक प्रवासाला तयार होऊन युरोपातून अवघे चार संघ आले.

शहरात गेल्यावर आधी पाहावे ते सेंटेनारिओ स्टेडियम. देशाच्या राज्यघटनेला शंभर वर्षे होत होती, म्हणून हे नाव. उंच मनोरा असलेले हे भव्य स्टेडियम काही महिन्यांतच उभे राहिले. पावसाने काम रखडल्यामुळे सुरुवातीचे सामने क्लबांच्या मैदानांवर घ्यावे लागले. अखेर घटनेच्या शताब्दीदिनी, १८ जुलैला, येथे पहिला सामना झाला. त्यात उरुग्वेचा एकमेव आणि विजयी गोल केला हेक्टर कॅस्ट्रोने. लहानपणी करवतीच्या अपघातात त्याचा उजवा हात कोपराखाली गेला होता.

३० जुलैच्या अंतिम सामन्यात समोर होता शेजारचा अर्जेंटिना. चेंडू कोणाचा वापरायचा, यावरूनच वाद! शेवटी पहिल्या डावात अर्जेंटिनाचा आणि दुसऱ्यात उरुग्वेचा चेंडू घेतला गेला. मध्यंतराला उरुग्वे १-२ असा मागे होता. दुसऱ्या डावात तीन गोल झाले आणि शेवटचा पुन्हा कॅस्ट्रोचाच. ४-२ अशा विजयानंतर दुसऱ्या दिवशी देशभर सुट्टी जाहीर झाली. स्टेडियममधील फुटबॉल संग्रहालयात त्या दिवसांच्या आठवणी जपल्या आहेत. २०३० च्या विश्वचषकाचा शताब्दी सामनाही येथेच खेळवण्याचे ठरले आहे. त्यामुळे संग्रहालय उघडे आहे ना, याची चौकशी करूनच निघावे.

मात्र खरा फुटबॉलवेडा तेवढ्यावर थांबत नाही. तो पोसितोस या वस्तीत जातो. १३ जुलै १९३० रोजी फ्रान्सच्या ल्युसियाँ लोराँने मेक्सिकोविरुद्ध विश्वचषकातला पहिलावहिला गोल केला, तो येथील मैदानावर. ते मैदान केव्हाच गेले. आता तेथे घरे आणि रस्ते आहेत. पण जुनी जागा शोधून काढून गोलपोस्ट होता तेथे एक छोटेसे स्मारक उभारले आहे. नेहमीच्या रहदारीच्या रस्त्यावर ते अवचित समोर येते.

बाकी शहर निवांत आहे. रिओ दे ला प्लाता ही नदी इतकी रुंद की समुद्रच वाटावा. तिच्या काठाने मैलोन् मैल फिरण्याचा रस्ता आहे. काखेत थर्मास आणि हातात 'माते' या कडसर हिरव्या चहाचे भांडे घेऊन माणसे तेथे रमतगमत चालतात. जुन्या बंदराच्या बाजारात निखाऱ्यावर मांस भाजले जाते. शाकाहारी मंडळींनी पास्ता आणि पिझ्झाकडे वळावे. रविवारी त्रिस्तान नार्वाहा रस्त्यावरचा जुना बाजार चुकवू नये.

आपल्याकडून थेट विमान नाही. ब्युनोस आयर्सपर्यंत जाऊन पुढे बोटीने नदी ओलांडता येते. १९३० च्या अंतिम सामन्यासाठी हजारो अर्जेंटिनी प्रेक्षक असेच बोटींनी आले होते. मात्र एक लक्षात ठेवा. तेथे जुलैत कडाक्याची थंडी असते, त्यामुळे डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम.