निविदेच्या आकारातच निकाल ठरतो

कन्हान नदीच्या काठी वसलेले खापा हे नागपूर जिल्ह्यातील सावनेर तालुक्याचे लहानसे शहर. वस्ती 15 हजारांच्या आसपास, पण नगरपालिका मात्र 1867 सालची. एकेकाळी विणकरांचे गाव म्हणून त्याची ओळख होती. जवळच गुमगावला मॉइल या केंद्र सरकारच्या कंपनीची मँगनीजची खाण आहे. एवढ्या आकाराच्या कोणत्याही नगरपरिषदेला आज काय काय विकत घ्यावे लागते ते पाहा. मालमत्ता कराची आणि पाणीपट्टीची बिले काढणारी प्रणाली, दुहेरी नोंद पद्धतीचे हिशेब, संकेतस्थळ, घंटागाडीवरचे जीपीएस, चौकातले सीसीटीव्ही, नकाशावर आधारित मालमत्ता सर्वेक्षण आणि या सगळ्याची वर्षभराची देखभाल. यातले बहुतेक काम सावनेर किंवा नागपुरातली पाच-दहा जणांची कंपनी सहज करू शकते. अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणारी या भागातली मुले तेच काम पुण्या-बंगळुरूत जाऊन करत असतात. मग घरच्या कार्यालयाचे काम त्यांच्या हाती का येत नाही? लहान उद्योगांना अडवणारा कायदा आपल्याकडे नाही. उलट त्यांच्या बाजूचे कायदे बरेच आहेत. अडवते ती निविदा. ती किती मोठी काढायची आणि तिच्यात कोणत्या अटी घालायच्या हे ठरते, तेव्हाच काम कुणाला मिळणार हेही जवळपास ठरून जाते.

आधी कायद्याची बाजू पाहू. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम 2006 सालचा. त्याच्या आधारे केंद्राने 23 मार्च 2012 रोजी खरेदी धोरणाचा आदेश काढला. केंद्रीय मंत्रालये, विभाग आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षभरातल्या वस्तू आणि सेवांच्या खरेदीपैकी किमान 20 टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करावी, असे त्यात ठरले. 2018 मध्ये हे प्रमाण 25 टक्के झाले. त्यातही 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. अशा उद्योगांना बयाणा रक्कम भरावी लागत नाही. त्यांचा दर सर्वांत कमी दरापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत जास्त असला, तर त्या कमी दरावर येण्याची आणि कामाचा वाटा मिळवण्याची संधी त्यांना दिली जाते. पण हा आदेश राज्य सरकारला आणि नगरपरिषदांना लागू नाही. राज्याच्या कार्यालयीन खरेदीची नियमपुस्तिका वेगळी, 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाची. म्हणजे खाप्याच्या परिसरात एकाच वेळी दोन सरकारी खरेदीदार नांदतात. खाण चालवणारी मॉइल केंद्राच्या 25 टक्क्यांना बांधलेली आहे, नगरपरिषद नाही. गावातल्या उद्योजकाला सर्वांत जवळचे गिऱ्हाईक नगरपरिषद हेच, आणि केंद्राच्या धोरणाचे संरक्षण नेमके तिथेच संपते.

आता निविदेच्या कागदाकडे येऊ. ई-निविदेत दोन लिफाफे असतात, तांत्रिक आणि आर्थिक. तांत्रिक लिफाफ्यात उद्यम नोंदणी, जीएसटी, सनदी लेखापालाने दिलेले उलाढालीचे प्रमाणपत्र आणि पूर्वीच्या कामांचे दाखले जोडायचे. त्यात जो टिकेल त्याचाच आर्थिक लिफाफा उघडतो. उलाढाल आणि अनुभव यांचे मोजमाप बहुधा केंद्रीय दक्षता आयोगाच्या 2002 सालच्या परिपत्रकाच्या धर्तीवर असते. गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल कामाच्या अंदाजित खर्चाच्या किमान 30 टक्के हवी. शिवाय तशाच स्वरूपाचे पूर्ण केलेले एक काम 80 टक्के रकमेचे, किंवा दोन कामे प्रत्येकी 50 टक्क्यांची, किंवा तीन कामे प्रत्येकी 40 टक्क्यांची असावीत. हा साचा मुळात बांधकामांसाठी तयार झाला, पण सेवांच्या निविदांतही तो दिसतो.

या साच्याचा परिणाम आकड्यांत पाहू. समजा, एका नगरपरिषदेचे कर आकारणी प्रणालीचे काम 20 लाखांचे आहे. तेवढीच निविदा निघाली तर 6 लाखांची सरासरी उलाढाल पुरते आणि 8-8 लाखांची तीन कामे दाखवली की कंपनी पात्र ठरते. केंद्राच्या नियमांप्रमाणे 2 ते 5 टक्के बयाणा धरला तर तो 40 हजार ते 1 लाख होतो. आता अशा 15 नगरपरिषदांचे काम एकत्र करून 3 कोटींची एकच निविदा काढली असे धरा. उलाढाल 90 लाखांची हवी, 2 कोटी 40 लाखांचे एक काम किंवा 1 कोटी 20 लाखांची तीन कामे हवीत, आणि बयाणा 6 ते 15 लाखांवर जातो. प्रत्येक गावात करायचे काम तेच आहे, टक्केवारीही तीच आहे. फक्त बेरीज केल्याबरोबर लहान कंपनी बाहेर पडली. कुणी नियम मोडला नाही, कुणावर पक्षपाताचा ठपका येत नाही, आणि तरीही स्पर्धा मूठभर मोठ्या पुरवठादारांपुरती उरते. पुढे त्यातलेच काही पुरवठादार प्रत्यक्ष काम स्थानिक मुलांकडून पोटकंत्राटावर करून घेतात. काम इथलीच माणसे करतात, पण नफा आणि अनुभवाचा दाखला दोन्ही बाहेर जातात. दाखला नसल्यामुळे ती माणसे पुढच्या निविदेतही अपात्रच राहतात.

दुसरी अडचण सर्वांत कमी दराची. खुर्च्या घ्यायच्या तर लांबी-रुंदी, लाकूड, पॉलिश लिहून देता येते आणि मग कमी दर हा योग्य निकष ठरतो. संगणक सेवेत विकत घेतले जाते ते माणसांचे कौशल्य आणि पुढची चार-पाच वर्षांची साथ. ते वर्णनात पूर्ण मावत नाही. कमी दराने काम घेणारा पुढे अनुभवी माणूस काढून शिकाऊ माणूस बसवतो, आणि मार्चअखेरीस बिलांचा सर्व्हर बंद पडला की फोन उचलणारा कुणी नसतो. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने 29 ऑक्टोबर 2021 च्या सूचनांत हे ओळखले. सल्लागार सेवांच्या पलीकडच्या काही कामांतही त्यांनी गुणवत्तेला 30 टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा दिली. 2016 मध्ये सुरू झालेल्या जेम या केंद्राच्या खरेदी संकेतस्थळाची उलाढाल 2023-24 मध्ये 4 लाख कोटी रुपयांवर गेली, आणि तीत सुमारे निम्मा वाटा सेवांचा होता. खर्चाचा एवढा मोठा भाग सेवांवर जात असताना खरेदीची रीत मात्र वस्तूंचीच ठेवणे योग्य नाही.

तिसरी अडचण पैसे हाती येण्याची. लहान सेवा कंपनीचा सगळा खर्च पगारांचा, आणि पगार दर महिन्याला द्यावाच लागतो. याबाबत 2006 चा कायदा कडक आहे आणि तो नगरपरिषदेलाही लागू होतो. काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत देयक चुकते करायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. बँक दर 6 टक्के असेल तर व्याज 18 टक्के होते. दाद मागायला सुलभीकरण परिषद आहे, 2017 पासून समाधान हे संकेतस्थळही आहे. पण ज्या मुख्याधिकाऱ्यांकडून पुढच्या वर्षी देखभालीचा कार्यादेश मिळवायचा, त्यांच्या कार्यालयाविरुद्ध तक्रार कोण करील? म्हणून या हक्काचा वापर तक्रारीवर सोडून चालणार नाही. 45 दिवस ओलांडलेली देयके दर तिमाहीला सर्वसाधारण सभेपुढे ठेवायची, असा नियम केला तर उद्योजकाला तोंड न उघडता न्याय मिळेल.

लहान कंपनीला संधी दिली तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेने 2002 च्या सुमारास आपला कारभार संगणकावर आणला, तो एबीएम नॉलेजवेअर या मुंबईच्या तुलनेने लहान कंपनीच्या साथीने. एका शहरात प्रणाली घडली, दुरुस्त झाली, लोकांच्या वापरात उतरली. नंतर राज्याने तोच नमुना इतर शहरांत नेला. पुढे 2018 पासून महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या 24 नवउद्योगांना सरकारी विभागांत आपली सेवा करून दाखवण्यासाठी प्रत्येकी 15 लाखांपर्यंतचे कार्यादेश देण्याची पद्धत सुरू झाली. ही दिशा योग्य आहे, कारण इथे रक्कम लहान आहे आणि परीक्षा प्रत्यक्ष कामाची आहे. पण 15 लाखांचे काम यशस्वी करणाऱ्याला पुढच्या निविदेत पुन्हा कोटींच्या अनुभवाची अट लागली, तर पहिली संधी वाया जाते. ब्रिटनने 2012 मध्ये जी-क्लाउड ही खरेदीची चौकट सुरू केली. 2014 मध्ये त्याने जाहीर केले, की अपवादात्मक कारणाशिवाय 10 कोटी पौंडांहून मोठे संगणक कंत्राट दिले जाणार नाही. वरची मर्यादा घालणे हीच तिथली मुख्य सुधारणा होती. आपल्याकडे निविदांना खालच्या मर्यादा भरपूर आहेत, वरची मर्यादा ठरवण्याचा विचार मात्र फारसा होत नाही.

याला पहिला आक्षेप येतो, की लहान कंपनी मध्येच बंद पडली तर शहराच्या कराच्या नोंदींचे काय? भीती खरी आहे, पण मोठे नाव हा तिच्यावरचा उपाय नाही. प्राप्तिकराचे नवे संकेतस्थळ 7 जून 2021 रोजी सुरू झाले, ते देशातल्या अग्रगण्य कंपनीने बांधलेले होते. तरी अडीच महिन्यांनी अर्थ मंत्रालयाला तिच्या प्रमुखाला बोलावून जाब विचारावा लागला. ब्रिटनच्या टपाल खात्यात एका बड्या कंपनीच्या सदोष हिशेब प्रणालीमुळे 1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक निरपराध माणसांना शिक्षा झाल्या. सुरक्षितता येते ती करारातल्या अटींनी. सर्व माहिती नगरपरिषदेच्या मालकीची असेल, दर महिन्याला ती कोणत्याही दुसऱ्या प्रणालीत उघडेल अशा स्वरूपात कार्यालयात जमा होईल, आणि सोर्स कोडची प्रत तिसऱ्या पक्षाकडे ठेवली जाईल, एवढे लिहून घेतले तर पुरवठादार बदलणे शक्य होते. हे लिहून घेतले नाही, तर मोठ्या पुरवठादाराच्या हाती शहर जास्तच अडकते.

दुसरा आक्षेप असा, की प्रत्येक गावाने वेगळी प्रणाली घेतली तर सगळा सावळागोंधळ होईल. एकसारखेपणा हवाच, पण तो माहितीच्या नमुन्यात हवा. पुरवठादार एकच असण्याची गरज नाही. 2003 मध्ये बंगळुरूत स्थापन झालेल्या ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनचा डिजिट हा मंच मुक्त स्रोत आहे, आणि राष्ट्रीय नागरी डिजिटल मिशनने त्याच पायावर उपयोग हा मंच पुढे आणला. पाया सामाईक ठेवला तर त्यावर बसवणे, शिकवणे आणि सांभाळणे ही कामे गावोगावच्या वेगवेगळ्या कंपन्यांना देता येतात.

तिसरा आक्षेप लेखापरीक्षणाचा आणि तो सर्वांत वजनदार आहे. कामाचे तुकडे पाडणे हा खरेदीतला जुना गैरप्रकार. वरिष्ठांची मंजुरी किंवा निविदा टाळण्यासाठी मागणी विभागू नये, असे नियमच सांगतात. तो नियम राहायलाच हवा. पण निविदा टाळण्यासाठी तुकडे पाडणे वेगळे आणि प्रत्येक भागाची स्वतंत्र, खुली निविदा काढणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात स्पर्धा वाढते. भाग का केले याचे लेखी कारण टिपणीत नोंदवले आणि सर्व भाग एकाच दिवशी जाहीर केले, तर लेखापरीक्षकालाही त्यात बोट ठेवायला जागा राहत नाही. उरतो प्रश्न तपासणार कोण याचा. लहान नगरपरिषदेत संगणकाचे जाणकार अधिकारी कमी, त्यामुळे एकत्रित निविदेचा मोह समजण्यासारखा आहे. त्यासाठी जिल्हा पातळीवर एक तांत्रिक कक्ष असावा. नमुना निविदा, तपासणीची यादी आणि गुणांकन तो पुरवील, पण खरेदी आणि कार्यादेश नगरपरिषदेकडेच राहतील. जाणकारी एकत्र करावी, कंत्राटे करू नयेत.

राज्याला यासाठी नवा कायदा नको. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचा 25 टक्के वाटा एका शासन निर्णयाने नगरपरिषदांपर्यंत आणता येईल, आणि ठरावीक रकमेवरच्या संगणक सेवांचे भाग न करण्याचे कारण लेखी देणे त्याच निर्णयाने बंधनकारक करता येईल. पण तोवर थांबण्याचेही कारण नाही. खापा असो, सावनेर असो की तुमचे गाव, निविदा कोणत्याही नागरिकाला महाटेंडर्सच्या संकेतस्थळावर पाहता येते. आपल्या नगरसेवकाला तीन गोष्टी विचारा: हे काम एकत्र का केले, अनुभवाची अट कशावरून ठरवली आणि मागच्या पुरवठादाराचे देयक किती दिवसांत दिले. या तीन प्रश्नांची उत्तरे सभेच्या इतिवृत्तात येऊ लागली, की गावातल्या मुलांना गावाचे काम मिळायला वेळ लागणार नाही.